पंधरा मीटर वायर

सकाळी सातला सागरी जीवशास्त्राच्या फ्रीजरनं मान टाकली,
पहिला फोन मला.
उणे ऐंशी अंशांत निजलेले शिंपल्यांचे तुकडे,
चार वर्षांचे,
आणि बाहेर यास्ना बार्रिएंतोस, केस न विंचरलेली,
आयसीयूच्या दाराशी उभं राहावं तशी.
म्हटलं, बाई, फ्यूज गेलाय. नुसता फ्यूज.
तिचा प्रबंध कशावर आहे, मला सांगता येणार नाही.
फ्रीजर पुन्हा घुरघुरला
तेव्हा ती रडली, एवढं सांगता येईल.

ही माझी पिवळी वायर.
दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी.
वाल्दिव्हियाच्या या नदीकाठी
माझ्याइतक्या खोल्या एकाही प्राध्यापकानं पाहिल्या नसतील.

दहा वाजता भाषा विभाग.
रेकॉर्डरजवळ पॉइंट नाही म्हणून मी.
खुर्चीत एक म्हातारा, दोन्ही हात काठीवर,
समोरची मुलगी विचारते,
तुमच्या भाषेत धुक्याला काय म्हणतात?
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, कुठल्या धुक्याला?
माझं काम झालं होतं. तरी मी
पेचकस पुसत उभा राहिलो.
माझी आई ही भाषा बोलायची,
फक्त कोंबड्यांशी.
आमच्याशी कधीच नाही.

गणितवाल्यांना वीज लागत नाही. खडू पुरतो.
फळ्यावर दीड ओळ, खाली तीन माणसं,
डबे न उघडलेले.
दिवा लावू का, विचारलं
तर त्यातला एक म्हणाला, नको, अजून नाही,
आणि मला कळेना
तो दिव्याबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल.

भूगर्भशास्त्राच्या टेबलावर चिखल.
दलदलीत नळी खुपसून उपसलेला,
काकडीसारखा उभा चिरलेला.
तपकिरी, तपकिरी, तपकिरी,
मग राखाडी वाळू,
मग पुन्हा तपकिरी, जणू काही झालंच नाही.
लेआंद्रो सॉटर दिव्याची मान वळवत म्हणाला,
ही साठ सालची लाट.
मी बोट आडवं धरून पाहिलं. बरोबर बोटभर.
हात लावू नका! तो ओरडला.

संध्याकाळी वाचनालयात लेखिका येणार होत्या.
खुर्च्या चाळीस, माणसं अकरा,
त्यातली दोन एम्पनाडांसाठी आलेली.
माइक गुणगुणत होता, मी जमिनीवर बसून तो समजावत होतो
आणि वर ओतिलिया काताल्दो वाचत होत्या:
समुद्र मागे सरला तेव्हा
गावातली पोरं उघड्या तळावर शिंपले वेचायला धावली,
आणि त्यांची मावशी म्हणाली, एवढी कॉलर होऊ दे.
मशीन नंतर सापडलं
कुणाच्यातरी बटाट्याच्या शेतात.
सुईखाली कापड तसंच.
टाके अर्ध्यावर.

टाळ्या अकरा माणसांच्या असतात तशा वाजल्या.
प्रश्न आहेत का कुणाचे?
मागून एक हात वर. नखांत चिखल.
बटाट्यांवर वाळू होती का? किती होती?
दोघं-तिघं हसले.
ग्रंथपाल बाईंनी कपाळाला हात लावला.
ओतिलिया हसल्या नाहीत.
त्यांनी चष्मा काढला, एक बोट आडवं धरलं,
म्हणाल्या, एवढी.
मागून दिसत नव्हतं. लेआंद्रो उठून उभा राहिला.
मोठा दिवा लावा, कुणीतरी म्हणालं.

लावला.

नंतर ते दोघं थंड कॉफी घेऊन
खिडकीपाशी किती वेळ बोलत होते!
मला ऐकू आलं नाही, खुर्च्या रचायच्या होत्या.
वायर कोपरावर गुंडाळताना
आई कोंबड्यांना कशी बोलवायची
ते आठवून पाहत होतो.
पहिलं अक्षर जिभेवर आलं.
तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.
अर्नोल्दो, तो परत बंद पडलाय.
आलो, म्हटलं.